पावसाळ्यात बंद राहिलेल्या जिनिंगच्या मोटारींचं मेगर रीडिंग कमी आलं, तर रिवाइंडिंग करायचं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पारोळ्याकडच्या जिनिंगमधल्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातल्या) मोटारी मे महिन्यापासून बंद आहेत, वायरमनने मेगर (इन्सुलेशन, म्हणजे तारांवरचं वीज अडवणारं आवरण, तपासणारं मीटर) मारला तर काहींचं रीडिंग दोन-तीन मेगाओहम आलं, एकीचं तर अर्धाच. आता दसऱ्याआधी सगळ्या रिवाइंडिंगला, म्हणजे आतली तारांची गुंडाळी (वाइंडिंग) नव्याने भरायला, पाठवायच्या का, हा प्रश्न आहे. आत्ताच पाठवू नका. पावसाळाभर बंद पडलेल्या मोटारीचं रीडिंग खाली येतंच. ओलीमुळे आलं असेल तर वाळवल्यावर ते परत चढतं. इन्सुलेशनच फाटलं किंवा जळलं असेल तर कितीही वाळवा, चढत नाही. हा फरक कळेपर्यंत रिवाइंडिंगला पैसे घालण्यात अर्थ नाही.

आधी रीडिंग बरोबर घेतलंय का ते बघा. 415 व्होल्टच्या मोटारीला 500 व्होल्ट डीसीचा मेगर पुरे. मल्टिमीटरने हे काम होत नाही. त्यातल्या छोट्या बॅटरीच्या व्होल्टेजला कमजोर इन्सुलेशनही चांगलंच दिसतं. मेगरच्या दोन्ही वायरी मोकळ्या धरून काटा अनंतावर जातो का आणि एकमेकींना टेकवून शून्यावर येतो का, हे दरवेळी तपासा. वायरी ओल्या फरशीवर लोळत असतील तर तुम्ही फरशीची गळती मोजताय.

मेगर लावण्याआधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, बोर्डावर पाटी, आणि टेस्टरने तिन्ही फेज मेल्याची खात्री. कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा डबा) असेल तर पाच मिनिटं थांबा, तो डिस्चार्ज झाल्याचं मोजा, मग तो सोडवा. व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारं यंत्र), सॉफ्ट स्टार्टर (मोटार हळूहळू सुरू करणारा), इलेक्ट्रॉनिक रिले यांच्या वायरी सोडवल्याशिवाय मेगर लावायचाच नाही; 500 व्होल्टला त्यातली कार्डं जातात. पॅनेलमधून मेगर मारताना इंडिकेशनचे दिवे, व्होल्टमीटर, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर जोडलेले राहिले तर फेज-टू-फेज सरळ शून्य दाखवतं आणि चांगली मोटार बाद ठरते. ही चूक फार होते.

पहिलं रीडिंग स्टार्टरकडून, केबल आणि मोटार मिळून घ्या. चांगलं आलं तर मोटार उघडायची गरज नाही. कमी आलं तर मोटारीचा टर्मिनल बॉक्स उघडा, केबल सोडवा आणि दोन्ही वेगवेगळ्या मोजा. जमिनीतल्या चरात पाणी साचलं असेल तर बऱ्याचदा दोष जॉइंटमध्ये निघतो आणि मोटार उगाच बदनाम होते. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, बोअरवेलच्या सबमर्सिबलचंही तेच: मोटार वर काढण्याआधी केबलच्या जॉइंटवर संशय घ्या.

टर्मिनल बॉक्स उघडला की आधी आत नीट बघा. टर्मिनल बोर्डावर रुईचे तंतू आणि सरकीची धूळ बसलेली असते, तीत पावसाळी ओल मुरते आणि तीन टर्मिनलांमध्ये करडा, चिकट थर तयार होतो. वाइंडिंगला काहीही झालेलं नसताना हा थर रीडिंग खाली ओढतो. कोरड्या ब्रशने झाडा, स्वच्छ कोरड्या कापडाने पुसा आणि पुन्हा मोजा. काही मोटारी इथेच सुटतात. रॉकेल, पेट्रोल लावू नका. जिनिंगमध्ये तर नाहीच.

आता टर्मिनलं एकमेकांना जोडणाऱ्या स्टार-डेल्टाच्या पट्ट्या काढून सहाही टोकं मोकळी करा. प्रत्येक फेज ते बॉडी आणि फेज ते फेज, अशी सहा रीडिंगं. अर्थची क्लिप रंगावर लावू नका, बॉडीचा रंग खरवडून चकचकीत लोखंडावर लावा. हँडलचा मेगर एकसारख्या वेगाने फिरवा आणि 60 सेकंद पूर्ण झाल्यावरचाच आकडा लिहा. 30 सेकंदाचाही लिहून ठेवा. 60 चा आकडा 30 च्या सव्वा पटीपेक्षा जास्त असेल तर बरं लक्षण. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर ओल किंवा घाण. मोठ्या मोटारीवर, म्हणजे प्रेसच्या किंवा मोठ्या फॅनच्या, दहा मिनिटांची चाचणी घ्या. 1 मिनिटाला 40 आणि 10 मिनिटांना 100 आलं तर भागाकार अडीच, उत्तम. 40 चे 44 च झाले तर ओल बसलेली आहे. डीआर (डबल रोलर) जिनच्या छोट्या मोटारींना या दहा मिनिटांच्या गुणोत्तराचा फारसा उपयोग नाही, त्यांच्या इन्सुलेशनची चार्जिंग दोन-तीन मिनिटांतच संपते आणि काटा स्थिर होतो.

मेगर काढला की टोकं बॉडीला जोडून ठेवा, जितका वेळ मेगर लावला त्याच्या किमान चौपट वेळ. केबल मोजत असताना तिच्या दुसऱ्या टोकाला माणूस उभा ठेवा. तिथे कुणी हात लावला तर झटका बसतो.

आकड्यांचं असं धरा. 415 व्होल्टच्या नेहमीच्या मोटारीला 40 अंशांवर 5 मेगाओहम ही किमान मर्यादा. 1 च्या खाली असेल तर सप्लाय द्यायचा नाही. 1 ते 5 मध्ये आधी वाळवणं. पण "40 अंशांवर" हे शब्द विसरू नका. वाइंडिंगचं तापमान 10 अंशांनी वाढलं की रीडिंग साधारण निम्मं होतं. सप्टेंबरच्या सकाळी 30 अंशांवर 8 मेगाओहम आलं तर ते 40 वर 4 च आहे, म्हणजे नापास. पहाटे गार लोखंडाला दव सुटतं तेव्हाही मोजू नका, दुपारी मोजा.

वाळवताना घाई करू नका. आधी व्हॅक्यूमने रुई ओढून घ्या, मग कॉम्प्रेसरची हवा, दाब 2 किलोच्या (चौरस सेंटीमीटरला) आत आणि टाकीतलं पाणी काढून. पहिल्याच झटक्यात जोराची हवा मारली तर रुई स्लॉटमध्ये (वाइंडिंग बसवलेल्या खाचांत) आणखी आत जाते. मोटारीचे दोन्ही कव्हर काढून दोन्ही बाजूंना 200 वॉटचे जुन्या तारेचे बल्ब किंवा हॅलोजन ठेवा. एलईडीने ऊब येत नाही. वर ताडपत्री, पण वाफ जायला वरच्या बाजूला फट. बल्ब वाइंडिंगला किंवा ताडपत्रीला टेकता कामा नये. हे सगळं जिन हॉलच्या बाहेर, कापसाच्या गंजीपासून लांब, आणि तिथे माणूस बसवून. वाइंडिंगचं तापमान हळूहळू चढवा, 80 अंशांच्या वर नको. दर दोन तासांनी बल्ब बंद करून मेगर घ्या. सुरुवातीला रीडिंग आणखी खाली जाईल, घाबरू नका: तापमान वाढतंय आणि आतली ओल सुटतेय. मग ते तळाला टेकतं, चढायला लागतं आणि चार-सहा तास एकाच जागी थांबलं की वाळलं. तळालाच पडून राहिलं, चढलंच नाही, तर ती मोटार वाइंडरकडे न्या.

एक गोष्ट मेगरला दिसत नाही: एकाच कॉइलमधले दोन वेढे एकमेकांना चिकटलेले असले तरी बॉडीला रीडिंग चांगलंच येतं. म्हणून तिन्ही फेजचा रेझिस्टन्स कमी ओहम मोजणाऱ्या मीटरने तपासा. एक फेज बाकी दोघींपेक्षा ठळक वेगळी असेल तर ती मोटार चालवू नका.

आणि वही ठेवा. मोटार नंबर, तारीख, तापमान, हवा, 30 आणि 60 सेकंदांचे आकडे. पहिली नोंद सीझन संपताच एप्रिलमध्ये घ्या, तेव्हा आपल्याकडे हवा कोरडी असते आणि मोटारही वाळलेली. तापमानाचा हिशोब लावल्यावर एखादी मोटार दरवर्षी 400, 370, 350 अशी उतरत असेल तर काळजी नाही. 350 वरून एकदम 60 वर आली तर ती 5 च्या कितीही वर असली तरी उघडून बघा. उतरंड ज्या वर्षी तुटते, त्याच वर्षी बिघाड सुरू झालेला असतो.

पुढच्या पावसाळ्यासाठी: मोटारीवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम सुटतो. सुती कापड टाका, केबल ग्लँडची (केबल आत शिरते तिथली) भोकं सीलिंग कंपाउंडने बुजवा म्हणजे उंदीरही आत जाणार नाहीत, आणि जमलं तर पंधरा दिवसांतून एकदा मेगर घेऊन मोटार तासभर मोकळी फिरवा.