मस्कतला नातवंडं येणार असतील तर मे महिना सोडा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांना मस्कतला तीन वर्षांचं काम मिळालंय, खानापूरचं घर बंद करून दोघं निघणार. सुट्टीत बेळगावची लेक दोन पोरांना घेऊन येणार, कोल्हापूरचा मुलगा-सून त्यांच्या मुलीला घेऊन येणार, आणि ७८ वर्षांच्या सासूबाईही "एकदा बघून जाते" म्हणतात. घर समुद्राजवळ घ्यावं का, केवढं घ्यावं आणि सगळ्यांना बोलवावं कधी, असं विचारलंय तुम्ही. मी बेळगावातल्या शहापूरची, २००६ पासून इथे मस्कतला. माझीही एक लेक कर्नाटकात, एक महाराष्ट्रात, म्हणजे गत तीच.

आधी 'कधी' ते सांगते, घराचं नंतर निस्तरता येतं. बेळगावच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, कोल्हापूरच्यांना दिवाळीला. दोन्हीकडची पोरं एकदम मोकळी म्हणजे मे महिन्यात, म्हणून सगळे मेचीच तिकिटं काढतात. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं. पारा चाळिशीच्या वर. दुपारभर घरात कोंडलेली पोरं ऐकेनात म्हणून साडेचारलाच कुरुमच्या किनाऱ्यावर नेलं. धाकट्यानं उतरल्या उतरल्या चपला भिरकावल्या आणि पाण्याकडे पळत सुटला. निम्म्या वाटेत वाळू भाजायला लागली. पुढे जाता येईना, मागे येता येईना, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून बगळ्यासारखा उभा राहून बोंबलतोय. आजोबा उचलायला धावले, तर त्यांच्याही चपला गाडीतच. रात्री दोघं एकाच बादलीत पाय घालून बसले होते. उरलेले दिवस एसी, कार्टून आणि मॉल. एवढ्यासाठी तिकिटाचे पैसे कशाला घालवायचे?

तेव्हापासून दोन पाळ्या करतो. बेळगावची मंडळी दसऱ्याला. ऑक्टोबरात दुपार तापतेच, पण संध्याकाळी बसवतं आणि समुद्राचं पाणी कोमट असतं. कोल्हापूरची दिवाळीला, नोव्हेंबरात, तो काळ फारच चांगला. भावंडं एकत्र यावीत असं वाटतंच, त्यासाठी एका वर्षी बेळगावच्या पोरांनी दिवाळीच्या सुट्टीला आठवडाभराची दांडी जोडली. तिसरीतल्या पोराचं त्यानं काही बिघडत नाही. हे मी सुचवलं म्हणून जावयांना सांगू नका.

आता घर. समुद्राजवळ अजिबात घेऊ नका. पाहुणे वर्षातले वीस दिवस, भाडं बारा महिने. इथल्या अझैबा भागात किनारा जवळ, पण भाजीसाठी गाडी काढावी लागते आणि मिस्टर कामावर गेले की तुम्ही अडकलात. रुवीला आपली दुकानं, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ सगळं चालत मिळतं, पण गजबज फार. आम्ही मधलं म्हणून अल खुवैर धरलं. तिथून किनारा गाडीनं दहा-पंधरा मिनिटं. दोन बेडरूम पुरतात, पण हॉल मोठा बघा. पोरं हॉलमध्ये गाद्या घालून झोपतात आणि त्यांना तेच हवं असतं. संडास-बाथरूम मात्र दोन पाहिजेतच, आणि त्यातलं एक सासूबाईंच्या खोलीला लागून. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, त्यामुळे पहिले चार दिवस सगळी फौज पहाटे साडेचारला उठून चहा मागते. त्याचा फायदा घ्या. त्याच वेळी किनाऱ्यावर न्या, ऊन चढायच्या आत परत या.

गोव्याचा समुद्र बघितलेली पोरं पहिल्या दिवशी हमखास विचारतात, सूर्य पाण्यात का बुडत नाही? कलंगुटला समुद्र पश्चिमेला, इथे उत्तरेला. सूर्य मागच्या डोंगरांत जातो. आमची मोठी नात त्यावर रुसलीच होती. मग तिला मत्राहच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर नेलं. डोंगर, बंदर, दिवे लागलेली जहाजं बघून गाडी रुळावर आली.

रोज काहीतरी दाखवायच्या भरीस पडू नका. एक दिवस बाहेर, एक दिवस घरी. पोरांना बिम्मा सिंकहोल (जमीन खचून झालेला पाण्याचा खड्डा) आवडतो, सूर गावाच्या रस्त्यावर आहे, पायऱ्या उतरून हिरव्या पाण्यात पाय सोडून बसायचं. डॉल्फिनची बोट सकाळची घ्या, पण सासूबाईंना त्यात बसवू नका. त्यांना जुन्या मस्कतमधलं शंकराचं देऊळ दाखवा, आणि सुलतान काबूस मशीद. बिगरमुस्लिमांना तिथे शुक्रवार सोडून सकाळी आठ ते अकरा जाता येतं. बायकांचं डोकं, हात, पाय झाकलेले लागतात. माझ्या आईनं साडीवर आमच्या ह्यांचा लांब बाह्यांचा शर्ट चढवला आणि पदर डोक्यावर घेतला. म्हणाली, "पदराचं मला काय शिकवतात, साठ वर्षं घेतेय की."

बॅगांबद्दल लेकीला आत्ताच बजावून ठेवा. कुंदा आणा, मांडे आणा (डब्यात, नाहीतर चुरा हातात येतो), आपला बेळगावी बासमती आणा. अनारसे मात्र खसखशीशिवाय करा. दुबईला खसखशीवर बंदीच आहे, इथेही विषाची परीक्षा नको. सासूबाईंच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. झोपेच्या किंवा दुखण्याच्या जोरदार गोळ्या असतील तर तिकीट काढायच्या आधीच नियम बघून घ्या. व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या साइटवर ऑनलाइन निघतो. दहा दिवसांचा आणि महिन्याचा यांच्या फीत बराच फरक आहे, म्हणून आधी दिवस ठरवा.

मासे खाणारे असाल तर आणखी एक. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर इथे सुरमई पकडायला बंदी असते. दसरा लवकर आला की जावयांना बांगड्यावर भागवावं लागतं. आमचे एकदा बाजारभर फिरून हात हलवत परत आले.

घर बघायला लागलात की कळवा. आमच्या मागच्या गल्लीत पुढच्या महिन्यात एक रिकामं होतंय. हॉल ऐसपैस आहे, पण तिसरा मजला आणि लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी बंद पडते. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत?