इंदूरमध्ये डायलिसिसच्या रुग्णाला नेण्या-आणण्यासाठी भरवशाची गाडी कोणती?

तुम्ही लिहिलंय की बाबांना राजेंद्रनगरहून गीता भवनच्या बाजूला आठवड्यातून तीनदा न्यायचं असतं, ठरवलेली व्हॅन कधी तासभर उशिरा येते, कधी येतच नाही, आणि इंदुरात कोणती सेवा बरी ते सांगा. सेवेचं नाव मी सांगणार नाही. आज जी बरी आहे, तिचा ड्रायव्हर बदलला की उद्या तिचीही तीच गत होते. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य टोचलं: 'उशिरानं तब्येतीला फरक पडत नाही, पण वाट बघून सगळे वैतागतात.' फरक पडतो. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, आणि गाडीचा उशीर वेटिंग हॉलमध्ये नाही तर मशीनवर वसूल होतो, हे रोज बघतो.

एका बुधवारचा हिशोब देतो. सुदामानगरच्या एक काकू, कोरडं वजन (साठलेलं जादा पाणी काढल्यावरचं) ६० किलो, पहिली शिफ्ट सातची. व्हॅन तीन रुग्णांत मिळून. राऊ भागातला पहिला रुग्ण ऐन वेळी संडासात, वीस मिनिटं तिथे गेली. मग ड्रायव्हर सीएनजीच्या रांगेत लागला, कारण रात्री टाकी भरून ठेवलेली नव्हती. फोनवर एकच उत्तर, 'बस पाँच मिनट में आ रिया हूँ.' काकू सेंटरला पोचल्या ८:०५ ला. वजन, बीपी, फिस्टुलाचा (सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेचा) हात साबणाने धुणं, दोन सुया, यात अर्धा तास जातोच. मशीन सुरू झालं ८:३५ ला. बारा-सव्वाबाराचा दुसऱ्या शिफ्टचा रुग्ण, मध्ये मशीन धुऊन नवं डायलायझर (रक्त गाळणारं नळकांडं) लावायला अर्धा-पाऊण तास. म्हणजे ११:४५ ला काकूंना काढायलाच हवं. चार तासांचे झाले ३ तास १० मिनिटं.

आता पाणी. दोन दिवसांत वजन २.८ किलो वाढलेलं, शेवटी रक्त परत करताना जाणारं सलाइन धरून ३.१ लिटर काढायचं. चार तासांत काढलं तर तासाला ७७५ मिलि, म्हणजे किलोमागे १३ च्या आत. किलोमागे तासाला १३ मिलि ही साधारण सगळीकडे मानली जाणारी मर्यादा. तेच पाणी ३ तास १० मिनिटांत काढायचं तर तासाला ९८० च्या आसपास, किलोमागे सोळाच्या वर. अकरा वाजता पोटरीत गोळे आले, बीपी ८०/५०. पाणी काढणं थांबवलं, पाय वर केले, २०० मिलि सलाइन परत दिलं. काकू घरी गेल्या तेव्हा अंगावर १.१ किलो पाणी शिल्लक.

आणि 'घरी गेल्या' हेही पटकन झालं नाही. ड्रायव्हरला वेळ सांगितली होती अकराची, सात अधिक चार. तो ११:१० ला आला, वीस मिनिटं थांबला आणि शाळेची मुलं सोडायला निघून गेला. काकूंच्या सुया निघाल्या बारा वाजता, गॉज कोरडं झालं १२:२०ला. गाडी परत आली २:२०ला. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून त्यांनी खाली जाऊन वर भरपूर सेव घातलेले पोहे खाल्ले, दोन चहा घेतले, पाण्याची बाटली संपवली. मी तरी काय बोलणार? मिठानं तहान, तहानेनं पाणी. शुक्रवारी त्या चार किलो जास्त घेऊन आल्या.

त्या दिवशीच्या शीटवर नोंद आहे: 'रुग्ण उशिरा आल्याने वेळ कमी केला.' रुग्ण उशिरा! ती माउली सव्वासहापासून फाटकात पिशवी घेऊन उभी होती.

तेव्हा गाडी कोणाची यापेक्षा ड्रायव्हरशी काय ठरवता ते महत्त्वाचं. 'सात वाजता सेंटरला' असं सांगू नका. उलटं मोजा: साडेसातला सुई, म्हणून सातला वजनकाट्यावर. पहाटे राजेंद्रनगर ते गीता भवन पंचवीस मिनिटं धरा, चढायला-उतरायला दहा-दहा. म्हणजे सव्वासहाला गाडी दारात. त्याला फक्त सव्वासहा सांगा. शेअर व्हॅन घेणार असाल तर बाबा कितव्या नंबरला बसतात ते विचारा. शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला आधीच्या सगळ्यांचा उशीर येतो.

परतीला घड्याळातली वेळ देऊच नका. मशीन थांबणं वेगळं आणि रुग्ण तयार होणं वेगळं. रक्त परत करायला दहा मिनिटं, दोन सुयांच्या जागा दहा-पंधरा मिनिटं दाबणं, पाच मिनिटं पलंगाच्या कडेला बसवून मग उभ्याने बीपी, वजन. चाळीस मिनिटं धराच. मशीनच्या स्क्रीनवर उरलेला वेळ दिसतो. तिथे अर्धा तास उरला की आत विचारून ड्रायव्हरला फोन करा, त्याच्या हातात तासापेक्षा जास्त वेळ असतो. मध्ये बीपी पडलं किंवा रक्त थांबेना, तर दुसरा फोन. एवढं केलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

शिफ्ट मिळत असेल तर पहिलीच घ्या. मशीन रात्रभर मोकळं असतं, मागचा कुणी लांबलेला नसतो, रस्ते रिकामे. मात्र शाळेची मुलं नेणारा व्हॅनवाला नको. त्याची दुपारची फेरी आणि पहिल्या शिफ्टची सुटका एकमेकांवरच आदळतात, आणि मुलांना तो सोडू शकत नाही. ते बरोबरच आहे. ॲपवरची टॅक्सी जाताना चालेल. परतीला तिच्यावर विसंबू नका. दारात व्हीलचेअर दिसली की राइड कॅन्सल होते, आणि कोणाच्या गाडीत बसायचं हे पाच मिनिटं आधी कळतं.

माझं मत विचाराल तर व्हॅनपेक्षा साधी चारचाकी आणि एकच ओळखीचा ड्रायव्हर, दुधाच्या रतिबासारखा महिन्याने लावलेला. महिन्याला साधारण १३ डायलिसिस, म्हणजे २६ फेऱ्या. भाव करताना परतीला तासभर थांबण्याचे पैसे त्यातच धरा. बाबा ॲडमिट असतील त्या आठवड्याचेही द्या. लोक तिथेच कंजूषी करतात आणि मग तो विमानतळाचं भाडं मिळालं की पळतो म्हणून ओरडतात. दुसरा एक राखीव ड्रायव्हर ठेवा आणि त्याला महिन्यातून एकदा तरी खरोखर बोलवा, नाहीतर गरजेच्या दिवशी त्याला घर सापडत नाही.

गाडी बघताना सीटची उंची बघा. मागच्या सीटवर वाकून शिरण्यापेक्षा पुढची डावी सीट बरी. ती मागे सरकते आणि पाठ आडवी होते. बीपी पडलं तर गाडी बाजूला थांबवून पाठ आडवी करता येते आणि पाय डॅशबोर्डवर ठेवता येतात. रिक्षात हे जमत नाही. स्कूटरवर मागे बसवून परत आणणं तर वेडेपणा आहे, चक्कर आली तर धरणार कशाला? व्हॅनच असेल तर पायरीला प्लास्टिकचं स्टूल ठेवा. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर व्हीलचेअर मावत नाही. ते ठरवायच्या आधी घडी घालून बघा, पहिल्या दिवशी फाटकात नाही. मानेतून कॅथेटर (डायलिसिसची नळी) असेल आणि तो छातीच्या उजव्या बाजूला बाहेर आलेला असेल, तर मागे उजव्या खिडकीशी बसवू नका. तिथे बेल्ट उजव्या खांद्यावरून येतो आणि थेट त्याच जागी घासतो.

आणि ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी दाखवा की फिस्टुलाचा हात कोणता. चांगल्या मनाचा ड्रायव्हर असतो तोच घात करतो: पट्टी लावलेला हात मनगटाशी धरून वर ओढतो. दुसऱ्या बाजूने काखेखाली आधार द्यायचा, किंवा बाबांनी त्याचा खांदा धरायचा.

गाडीत रक्त आलं तर काय, हे तिघांनाही माहीत हवं: बाबा, सोबतचा माणूस, ड्रायव्हर. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपरिनचा असर लगेच जात नाही. पिशवीत गॉजचे चार-पाच तुकडे, चिकटपट्टी, हातमोजे, एक जुना टॉवेल. रक्त दिसलं की गॉजवर गॉज चढवत बसायचं नाही आणि रुमाल आवळून बांधायचा नाही. भिजलेलं काढा, नवं छोटं घडी करून ठेवा आणि दोन बोटांच्या टोकांनी दाबा. कातडीचं भोक आणि आतल्या नसेचं भोक एकमेकांपासून थोडं सरकलेलं असतं, दोन्ही दाबली गेली पाहिजेत. घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. वीस मिनिटांत थांबलं नाही तर घरी नाही, उलट्या पावली सेंटरला. चिळकांडी उडत असेल तर दाब न सोडता १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. घरी पोचल्यावर फिस्टुलावर हात ठेवून थरथर लागते ना बघा, पट्टी फार घट्ट राहिली तर तीच फिस्टुला बंद पाडते.

१०८ वरून आठवलं. ठरलेल्या डायलिसिसच्या फेरीसाठी तिला बोलवू नका. तिला खरोखर बोलवायचं ते गाडी न आल्याने डायलिसिस चुकलं आणि आडवं पडल्यावर धाप लागते, पाय लुळे वाटतात, नाडी मंद लागते तेव्हा. तिथे 'व्हॅन येतेच आहे' म्हणून थांबायचं नसतं. नुसतं चुकलं असेल आणि त्रास नसेल, तर त्याच तासाला सेंटरला फोन करून दुसऱ्या दिवशीची जागा मागा. पुढच्या ठरल्या दिवसापर्यंत ढकलू नका. तोवर पाणी मोजून, सेव-नमकीन बंद, आणि भेटायला येणारे जो नारळ आणतात तोही बंद. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. 'कमी सोडियमचं' मीठही नको, त्यात सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), हे दोन दिवस कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा. राजवाड्याच्या आसपासचे रस्ते बंद होतात आणि बंदोबस्तात तुमची चिठ्ठी कोणी वाचत बसत नाही. दोन आठवडे आधी सांगितलं तर सेंटर एक दिवस अलीकडे घेतं, आदल्या दिवशी सांगितलं तर नाही घेत.

वरचे आकडे ६० किलोच्या, हृदय बऱ्यापैकी असलेल्या माणसाचे आहेत. बाबांचं हृदय कमजोर असेल, तर किती पाणी आणि किती वेगाने ते त्यांचे किडनीचे डॉक्टर, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टच ठरवतील. सकाळची बीपीची गोळी घ्यायची की नाही तेही त्यांनाच विचारा. मधुमेह असेल तर परतीला साखर उतरू शकते, बिस्किटाचा पुडा पिशवीत ठेवा. आठवड्यातून दोनदाच असेल तर दोन वेळांतलं अंतर आणखी वाढतं, एक चुकणं जास्त महाग पडतं.

राहिली ती नोंद. २०१६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात कामांची वाटणी आहे: ठेकेदाराने माणसं, मशीन, आरओचं पाणी, डायलायझर द्यायचं, रुग्णालयाने जागा आणि वीज. घर ते बेड हा तुकडा कोणाच्याच वाट्याला आलेला नाही, म्हणून शीटवर त्याला रकानाही नाही, आणि रकाना नसला की सगळं 'रुग्ण उशिरा' मध्ये जातं. ती ओळ मीही लिहिली आहे. आमच्याकडे सांगतात, 'आपण गाडीचे जबाबदार नाही.' नाही तर नाही, पण मग रुग्णालाही जबाबदार धरू नका. तुम्ही वही ठेवा: गाडी ठरली किती, आली किती, मशीन सुरू किती, बंद किती, सेंटरहून निघतानाचं वजन कोरड्या वजनापेक्षा किती जास्त. दर महिन्याला डॉक्टरांपुढे ठेवा. आणि वेळ कापला त्या दिवशी टेक्निशियनला शीटवर लिहायला सांगा: 'गाडी ८:०५ ला पोचली, डायलिसिस ३ तास १० मिनिटं, १.१ किलो शिल्लक.' मागितलंत तर लिहावं लागतं. कुरकुर करतील, माझ्याच युनिटमध्ये करतात.