वाचक विचारतात : मूळपेशी आणि केमिकल इंजिनिअर

प्रश्न : मी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मूळपेशींवर (स्वतःसारख्या नव्या पेशी आणि इतर प्रकारच्या पेशीही बनवू शकणाऱ्या पेशी) संशोधन करणारे काही प्राध्यापक मूळचे केमिकलचेच, असं वाचलं. माझं जीवशास्त्र बारावीलाच सुटलं. अशा माणसाने तिथे जाऊन करायचं काय?
– विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : मास बॅलन्स, म्हणजे आत काय गेलं, काय संपलं आणि काय उरलं याचा हिशेब. गंमत नाही, खरंच तेच. कॅनडातले पीटर झँडस्ट्रा बघा. केमिकलची पदवी मॅकगिलची. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातून १९९७ मध्ये पीएच.डी., आणि तिथे मार्गदर्शक दोन : बायोप्रोसेसवाले जेम्स पिरे आणि रक्तपेशींच्या जीवशास्त्रज्ञ कॉनी ईव्ह्ज. मग एमआयटीत पोस्टडॉक, १९९९ पासून टोरोंटो, २०१७ पासून पुन्हा ब्रिटिश कोलंबिया. (रक्ताच्या मूळपेशींचा पहिला ठोस पुरावा १९६१ मध्ये टोरोंटोतच टिल आणि मॅकलक यांनी दिला. त्यातले टिल भौतिकशास्त्राचे. म्हणजे बाहेरून येऊन घुसायची परंपरा तिथे जुनीच.)

पीएच.डी.च्या वेळचा झँडस्ट्रांचा प्रश्न साधा होता. मिडियममध्ये (पेशी ज्यात वाढवतात तो पोषक द्रव) घातलेली साइटोकाइन्स, म्हणजे पेशींना वाढीचे संदेश देणारी प्रथिनं, पेशी किती वेगाने संपवतात? अगदी आदिम, म्हणजे मूळपेशींच्या जवळच्या पेशींना ती जास्त प्रमाणात लागतात, आणि त्याच ती फस्तही करतात. पहिल्या दिवशी पिपेटने घातलेलं प्रमाण चौथ्या दिवशी तेवढंच असेल, असं धरून चालणाऱ्याचं गणित तिथेच बिघडतं.

पुढची अडचण उलटी. नाळेतल्या रक्तातल्या मूळपेशी वाढवायला घेतल्या की त्यांच्यापासून प्रौढ पेशी तयार होतात आणि त्या टीजीएफ-बीटासारखे ‘थांबा’ म्हणणारे संदेश मिडियममध्ये सोडतात. सगळं मिडियम बदललं तर हे संदेश जातात, पण त्यांच्याबरोबर उपयोगी स्रावही जातात. झँडस्ट्रांच्या गटाने २०१२ मध्ये फेड-बॅचचा मार्ग दाखवला : काहीच काढायचं नाही, पंपाने ताजं मिडियम थोडंथोडं घालत राहायचं. १२ दिवसांत मूळपेशी सुमारे ११ पट झाल्या.

हे वहीवर करून बघा. समजा सुरुवात १० मिलिलिटरने केली आणि रोज १० घातले. पहिल्या दिवशी ‘थांबा’च्या संदेशांचं प्रमाण निम्म्यावर येतं. बाराव्या दिवशी १२० मिलिलिटरचे १३० होतात, प्रमाणातली घट जेमतेम ८ टक्के. आणि नेमके तेव्हाच स्राव सोडणाऱ्या पेशी सर्वांत जास्त असतात. मग रोज आकारमान दुप्पट करू म्हणाल, तर बाराव्या दिवशी जवळपास ४१ लिटर मिडियम लागेल, आणि साइटोकाइन्सचे भाव बघितलेत तर तो बेत तिथेच संपतो. वेग, वेळ आणि खर्च यांतली ही ओढाताण सोडवायला इंजिनिअर लागतो.

शिकायचं काय? कायनेटिक्स, ट्रान्सपोर्ट आणि प्रोसेस कंट्रोल तुमच्याकडे आहेच. पेशीजीवशास्त्राचा एक पक्का कोर्स करा, फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिचा प्रकार ओळखायचं तंत्र) शिका. आणि मोजणी नीट समजून घ्या, कारण नवखे तिथेच फसतात. एकूण पेशी शंभरपट झाल्या तरी मूळपेशी कमी झालेल्या असू शकतात. खरी मोजणी उंदरांत प्रत्यारोपण करून होते : वेगवेगळ्या मात्रा द्यायच्या आणि काही महिने थांबायचं. ज्या मात्रेला ३७ टक्के उंदरांत मानवी रक्त दिसत नाही, त्या मात्रेत सरासरी एक मूळपेशी. हा आकडा पॉयसन वितरणातून येतो, आणि पॉयसन तुम्ही शिकला आहातच.

प्रवेशासाठी पवईच्या आयआयटीचा जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग बघा. गेटचा कोणता पेपर चालतो ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात तपासा.

प्रश्न : १०० मिलिलिटरच्या स्पिनर फ्लास्कमध्ये (आत पातं फिरून मिडियम ढवळलं जातं) आयपीएस पेशींचे, म्हणजे प्रौढ पेशींपासून बनवलेल्या मूळपेशींचे, गोळे लहानमोठे होतात, मोठे मधून काळपट पडतात. मोठ्या फ्लास्कमध्ये गेल्यावर तर सगळंच बिनसतं.
– संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : काळपटपणा बहुतेक ऑक्सिजनच्या टंचाईचा. गोळ्याचा व्यास ३०० मायक्रोमीटरपलीकडे गेला की मधल्या पेशी उपाशी राहतात, म्हणून २०० ते २५० लाच फोडा. पेरताना गुठळ्या राहिल्या तर लहानमोठेपणा पहिल्याच दिवशी येतो. ४० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळून सुट्या पेशीच घाला, मिलिलिटरला २ ते ५ लाख. पहिले २४ तास वाय-२७६३२ (सुट्या पेशींना जगवणारं रसायन), १० मायक्रोमोलर; नाहीतर सुट्या पेशी भराभर मरतात. मिडियम बदलताना ढवळणं थांबवून गोळे बसू देता ना? ते पाच-दहा मिनिटांत उरका. जास्त वेळ पडून राहिले की एकमेकांना चिकटतात.

मोठ्या फ्लास्कचं दुखणं वेगळं. आरपीएम (मिनिटाला फेरे) तेच ठेवलं असणार. पात्याचा व्यास ५ चा १० सेंमी झाला तर त्याच आरपीएमला टोकाचा वेग दुप्पट होतो आणि प्रवाह खळबळता असेल तर दर लिटरमागची शक्ती चौपट. शक्ती तेवढीच ठेवायची तर ६० चे सुमारे ३८ आरपीएम करावे लागतात. तिथून सुरुवात करा, मग गोळ्यांचा आकार मोजत एकेक पायरी वर-खाली.

प्रश्न : बाळाच्या नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवावं का?
– नाशिक

उत्तर : ‘पुढेमागे बाळालाच लागेल’ एवढ्यासाठी असेल तर नको. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही त्याला शास्त्रीय आधार नसल्याचंच म्हटलं आहे. मोठेपणी उपयोग होईल ही आशाही बेताचीच : प्रौढाला प्रत्यारोपणासाठी वजनाच्या किलोमागे किमान २.५ कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात, म्हणजे ७० किलोला १७५ कोटी, आणि एका नाळेत बरेचदा तेवढ्या मिळत नाहीत. थॅलेसेमियासारखा आजार बाळालाच असेल तर त्याच्या स्वतःच्या पेशींतही तोच दोष. मोठ्या भावंडाला असा आजार असेल तर मात्र गोष्ट वेगळी, कारण बाळाच्या पेशी त्याला उपयोगी पडू शकतात. बाळंतपणाआधीच रक्तविकारतज्ज्ञांना भेटा.