वडिलांच्या घरगुती प्रयोगशाळेतलं सामान कुणाला द्यावं?

काचसामानाची काळजी नको. ब्युरेट, पिपेट, चंचुपात्रं जवळच्या शाळेला द्या. तिथे ती खरंच हवी असतात. मोरचूदही चालेल, मूळ डब्यात आणि लेबलासकट.

बिनलेबलाची बाटली मात्र कुणालाही देऊ नका, हुंगून ओळखायलाही जाऊ नका. जुन्या ईथरच्या झाकणाला हातसुद्धा लावू नका. पडून राहिलेल्या ईथरमध्ये पेरॉक्साइडं साठतात आणि नुसतं झाकण फिरवतानाही स्फोट होऊ शकतो. सुकलेलं पिक्रिक आम्लही तितकंच घातक. अशी बाटली हलवू नका, खोली बंद करा आणि अग्निशमन दलाला कळवा. बाकी रसायनांची यादी महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला दाखवा.

तीव्र आम्लं ओळखीपाळखीत वाटू नका. त्यांच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंधनं घातली, तीही कारणाशिवाय नाही.