जुन्या फोर्ड रेंजरचा कॅमशाफ्ट सिंक्रोनायझर घरी बदलता येतो का? अलाइनमेंटचं टूल लागतंच का? आणि तो फिरवून टायमिंग पुढे-मागे करता येईल का?

तुमची गाडी १९९९ ची रेंजर, ३.० लिटर व्ही-६. इंजिन तापलं की मागच्या बाजूने चिवचिव ऐकू येते, पी०३४० कोड (कॅमशाफ्ट सेन्सरच्या सर्किटमधला बिघाड) येतो, तो सेन्सर नवा घातला तरी कोड परत आला, आणि आता गॅरेजवाला सिंक्रोनायझर बदलायला सांगतोय. गॅरेजवाला बरोबर सांगतोय. काम घरी होतं. टूल घ्याच, ते महाग नाही. पण पार्ट हातात येईपर्यंत गाडी चालवू नका, हे मी मनापासून सांगतो.

सिंक्रोनायझर हा भाग निव्वळ सेन्सरचा स्टँड असता तर मी एवढं म्हटलं नसतं. हे इंजिन १९८६ च्या टॉरसमध्ये आलं तेव्हा त्या जागी प्लगना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर होता. पुढे ते काम करणारा कॉइल पॅक आला, डिस्ट्रिब्युटर गेला, पण ऑइल पंप फिरवायला काहीतरी हवंच होतं. म्हणून फोर्डने त्याच भोकात एक आखूड शाफ्ट बसवला. मधे कॅमशाफ्टवरून फिरणारा गिअर, वर अर्धचंद्राचं पातं आणि सेन्सर, खाली षटकोनी दांडी, आणि त्या दांडीवर ऑइल पंप. शाफ्ट ज्या कड्यात फिरतो त्या वरच्या बुशपर्यंत तेल जेमतेम पोचतं. बुश कोरडं पडलं की चिवचिव सुरू होते. मग बुश झिजतं, शाफ्ट डुलायला लागतो, पातं सेन्सरला घासतं आणि सेन्सर जातो. तुमचा नवा सेन्सर बहुधा असाच गेला. शाफ्ट एक दिवस जाम झाला की गिअरचे दात तरी जातात किंवा दांडी तरी तुटते, आणि चालत्या इंजिनचा ऑइल पंप थांबतो. मग बेअरिंगं वाचत नाहीत.

डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या काट्यावर विसंबू नका. त्या काळातल्या रेंजरमध्ये तो काटा प्रेशर खरोखर मोजणाऱ्या सेंडरवर नाही, साध्या स्विचवर चालतो. प्रेशर साधारण ६ पीएसआयच्या वर असलं की काटा मधोमध जाऊन बसतो, मग आत ६० असो की १०. काटा पडलेला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

आधी खात्री करा. व्हीआयएनचं (गाडीच्या ओळख क्रमांकाचं) आठवं अक्षर यू किंवा व्ही असेल तर इंजिन ३.० लिटरचंच आहे. आवाजाबद्दल हमखास फसगत होते ती पट्ट्याची. पट्टा काढा आणि इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवा, जास्त नको, कारण पट्ट्यावर वॉटर पंपही आहे. आवाज तसाच असेल तर पट्टा, पुली, आल्टरनेटर सगळे सुटले. मग इंजिन बंद करून सेन्सर काढा आणि आतलं पातं बोटाने आडवं हलवून बघा. तिथे विटकरी रंगाची भुकटी दिसली आणि पातं बाजूला डुललं, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

आता बदलायचं काम. यातला महत्त्वाचा भाग पाना हातात घ्यायच्या आधीचा आहे: एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी, आणणं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. एक नंबर म्हणजे पॅसेंजरच्या बाजूचा सगळ्यात पुढचा सिलिंडर. सगळे प्लग काढलेत तर क्रँक हाताने अलगद फिरतो. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि क्रँकचा बोल्ट समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवा. हवा अंगठा ढकलायला लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. तिथून सावकाश पुढे नेऊन पुलीवरची खूण शून्यावर आणा. खूण पुढे गेली तर मागे फिरवू नका, दोन फेरे मारून पुन्हा या. अंगठ्याची परीक्षा टाळू नका, कारण खूण एक्झॉस्टच्या टीडीसीलाही तितकीच बरोबर जुळते. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून तिथे बसवलेलं पातं अर्धा फेरा उलटं असतं.

भोवतालची माती कॉम्प्रेस्ड एअरने उडवा, नाहीतर ती थेट इंजिनमध्ये पडेल. क्लँपचा एकच बोल्ट आहे, पण फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, चिकटून. एअर इनटेकची नळी काढली की हाताला जागा होते. सिंक्रोनायझर वर घेताना घाई करू नका. खालची षटकोनी दांडी कधी कधी तेलाने चिकटून त्याच्याबरोबर वर येते आणि अर्ध्या वाटेत सुटते. ती ऑइल पॅनमध्ये पडली तर तासाभराचं काम शनिवार-रविवार खातं.

जुना आणि नवा शेजारी ठेवून लांबी, गिअर आणि पात्याचा आकार ताडून बघा. नव्याच्या बुशला इंजिन ऑइल आणि गिअरला असेंब्ली ल्यूब लावा. सेन्सरच्या तोंडावर घासल्याच्या रेषा असतील तर तोही नवा घ्या.

टूल म्हणजे सेन्सरच्या जागी बसणारी टोपी. तिच्या खाचेत पातं अडकतं, शाफ्ट बॉडीशी लॉक होतो. टोपीवरचा बाण कुठल्या कोनात यायला हवा हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तो रेंजरचाच बघा. टॉरसमध्ये हेच इंजिन आडवं बसतं, तिथला आकडा इथे वापरू नका. गिअरचे दात तिरपे आहेत, त्यामुळे खाली जाताना शाफ्ट स्वतःच थोडा फिरतो. म्हणून बाण आधीच थोडा अलीकडे धरून सोडा, म्हणजे बसता बसता तो जागेवर येईल. नाही आला तर वर उचला, एक दात सरकवा, पुन्हा सोडा. हे जमेपर्यंत दोन-चारदा करावं लागणं अगदी नेहमीचं आहे.

सिंक्रोनायझरची फ्लँज (चपटा काठ) ब्लॉकवर पूर्ण टेकली नाही, मधे फट राहिली, तर बोल्टने खाली ओढू नका. दांडी शाफ्टच्या खाचेत शिरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. सिंक्रोनायझर काढून लांब एक्स्टेंशनने दांडी किंचित फिरवा आणि पुन्हा बसवा. फ्लँज स्वतःच्या वजनाने टेकली, बाण जुळला, मग बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर घट्ट करा, टोपी काढा, सेन्सर लावा.

टूल न घेता नुसत्या खुणा करून बदलणारेही आहेत: इंजिन न हलवता बॉडी आणि पातं दोन्हींवर रंगाने खूण करायची आणि नव्यावर उतरवायची. जुना आधी कुणी हलवलेला नसेल आणि नव्याचं पातं गिअरच्या मानाने तंतोतंत तसंच असेल, तरच ते चालतं. तुमच्या गाडीला याआधी कुणाकुणाचे हात लागलेत हे तुम्हालाही ठाऊक नसणार, म्हणून मी टूलच म्हणेन.

फिरवून टायमिंग पुढे-मागे करता येईल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. ठिणगीचा हिशोब क्रँक सेन्सरवर होतो. इथे चूक झाली तर इंजेक्टर उघडायची वेळ चुकते, इंजिन खडबडीत चालतं आणि कोड परत येतो. डिस्ट्रिब्युटरसारखं कान देऊन फिरवत बसण्यात काही मिळणार नाही.

पहिल्यांदा स्टार्ट करताना ऑइल सेंडिंग स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावता आला तर फार उत्तम. काही सेकंदांत प्रेशर चढलं नाही तर लगेच बंद करा, दांडी बसलेली नाही. चढलं तर इंजिन पूर्ण तापू द्या, कारण तुमचा आवाज तापल्यावरच येत होता. मग स्कॅनरने कोड पुसा. पी०३४० पुन्हा आला तर कनेक्टरच्या तिन्ही तारा तपासा आणि बाणाचा कोन नेमका किती ठेवला होता ते इथे लिहा, मी बघतो.