मॅटवर झकास, गवतावर मात्र माती!

प्रश्न : निवृत्तीनंतर गोल्फ शिकतोय. रेंजवर (सरावाच्या जागी) मॅटवरून सेव्हन आयर्न हा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, बरा लागतो. खारघरच्या कोर्सवर मात्र क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत घुसतो, माती उडते आणि चेंडू चार पावलांवर थांबतो. मनगट चुकतंय का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : मनगटाला उगीच दोष देऊ नका. रेंजवरही तुम्ही चेंडूच्या मागेच मारत असणार. फक्त तिथे क्लब मॅटवरून घसरून पुढे जातो आणि चूक झाकली जाते. पावसाळ्यातल्या ओल्या जमिनीत ती लगेच उघडी पडते.

बहुतेकदा वजन उजव्या पायावरच अडकलेलं असतं, कारण नवशिक्या फटक्यातच चेंडू हवेत उचलायला जातो. ते काम क्लबचं आहे. सेव्हन आयर्नच्या तोंडाला ३० अंशांच्या आसपास तिरकेपणा असतो तो त्यासाठीच.

पुढच्या वेळी पुडीत थोडी रांगोळी न्या. (क्लबची पिशवी वाहणारे कॅडी हसतील, हसू द्या.) सरावाच्या गवतावर रेघ ओढा, ती दोन्ही पायांच्या मधोमध किंवा किंचित डावीकडे यावी. चेंडू न ठेवता, निम्म्या ताकदीने स्विंग करा. गवताचा तुकडा रेघेपासून पुढे, लक्ष्याच्या बाजूला निघायला हवा. मागे निघाला, तर क्लब खाली आणताना आधी डाव्या पायावर या. शेवटी उजवा पाय सहज उचलता आला की वजन नीट सरकलं म्हणायचं.

नवा क्लब तूर्त घेऊ नका. आणि डावखुरे असाल, तर उजवं-डावं उलटं वाचा.