350 रुपयांची मजुरी वाचवायला 9,200 रुपयांची हत्यारं

प्रश्न: मी गुहागरजवळ राहतो. 2018 ची छोटी पेट्रोल गाडी आहे, वॉरंटी संपली, वर्षाला जेमतेम 6,000 किलोमीटर चालते. चिपळूणच्या सर्व्हिस सेंटरचं बिल 5,640 रुपये झालं. ऑइल, फिल्टर, वॉशर स्वतः आणले तर 1,740 रुपयांत काम होतं. गावातला मेकॅनिक ऑइल आपलं असेल तर 350 रुपये मजुरी घेतो, पण मला हे काम शिकायचंच आहे. ट्रॉली जॅक (3,500), उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडची जोडी (1,900), बोल्ट ठरल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना (2,300), गोट्या (सॉकेट), फिल्टरचा पाना आणि तसराळं (1,500) असा 9,200 चा संच घेतला, तर वर्षाला 3,900 वाचून अडीच वर्षांत पैसे वसूल होतील ना?

उत्तर: नमस्कार. नाही होणार. वजाबाकी बरोबर आहे, पण ती तुम्ही भलत्याच आकड्यातून केलीत. 5,640 हे ऑइल बदलण्याचं बिल नाही. तुम्ही जोडलेल्या बिलात ऑइल, फिल्टर आणि वॉशर यांचे मिळून 1,820 लागले आहेत. तेच तुम्हाला 1,740 ला पडतं, म्हणजे सामानात वाचले 80 रुपये. बाकीचे 1,450 सर्व्हिसची मजुरी, 750 चाकांचं अलाइनमेंट-बॅलन्सिंग, 480 एअर आणि एसी फिल्टर, 450 इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणं), 690 एसीतली फवारणी.

फ्लश आणि फवारणीचे 1,140 रुपये वाचवायला गाडीखाली शिरावं लागत नाही. जॉब कार्डवर (कामांच्या यादीवर) सही करण्याआधी ‘हे दोन नकोत’ एवढंच म्हणायचं. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लश लागत नाही. अलाइनमेंट अंगणात होत नाही. टायर एका कडेने झिजायला लागले की ते 750 द्यावेच लागतील, त्यामुळे ती बचत नव्हे, उधारी. एअर फिल्टर मात्र हाताने निघतो, तो खुशाल घरी बदला. आणि 1,450 च्या मजुरीत ब्रेक उघडून साफ करणं, गाडी खालून बघणं हेही येतं. समुद्राच्या वाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं हे काम टाळू नका. ब्रेकच्या पिना धरतात, ऑइल चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) पत्रा गंजतो.

आता खरी तुलना. गावातल्या मेकॅनिककडे तुमचं ऑइल नेऊन 2,090, घरी 1,740. फरक 350 रुपये, तोही वर्षातून एकदा. या हिशेबाने 9,200 वसूल व्हायला 26 वर्षं लागतील. हेच पैसे 6 टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले तर वर्षाला 552 रुपये व्याज येतं. त्यातून मेकॅनिकची मजुरी देऊन वर चहापाणी होईल.

शिवाय चिपळूणला जाऊन-येऊन सुमारे 90 किलोमीटर, म्हणजे पाचेक लिटर पेट्रोल. निव्वळ ऑइलसाठी फेरी असेल तर ते 500 रुपयेही बिलातच धरा. गावातच काम झालं तर तेही वाचतात.

जोखमीचीही किंमत असते. चेंबरचा ऑइल सोडायचा बोल्ट सैल राहून ऑइल गळालं आणि इंजिन जाम झालं, तर दुरुस्ती हजारांत नाही, दहा हजारांच्या पटीत जाते. सर्वसमावेशक विम्यातही यांत्रिक बिघाड वगळलेला असतो. तो दावा टिकणार नाही.

तेव्हा माझं मत: संच घेऊ नका. मात्र वाडीतल्या चार गाड्यांनी मिळून घेतला, तर वर्षाला 1,400 वाचतात आणि साडेसहा वर्षांत वसुली होते. तो व्यवहार समजण्यासारखा आहे. शिकायची हौस म्हणून घेणार असाल तरी हरकत नाही, फक्त वहीत तो खर्च ‘बचत’ या रकान्यात लिहू नका.

हौस भागवायचीच तर कंजूषी स्टँडवर नको. कोकणात गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवलेली दिसते, ते फार धोक्याचं. ओला चिरा कमकुवत होतो आणि भार आला की अचानक फुटतो. सारवलेल्या अंगणात जॅकही रुततो. खाली जाड फळी घाला, नाहीतर सिमेंटची जागा शोधा. मागच्या चाकांना अडण लावा, जॅकने उचलून गाडी स्टँडवर घ्या आणि आत शिरण्याआधी हाताने हलवून बघा.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा. ऑइल कोमट असलं की गाळासकट उतरतं, कढत असलं तर हात भाजतो. बोल्ट फिरवण्याआधी तो इंजिनाच्याच चेंबरचा आहे ना, हे पक्कं करा. नवशिके गिअरबॉक्सचं ऑइल सांडतात आणि मग इंजिनात दुप्पट ओततात. वरचं झाकण उघडं ठेवून पंधरा मिनिटं निथळू द्या. वॉशर नवा घाला, बोल्ट आधी बोटांनी फिरवा. गंजलेल्या बोल्टावर जोर केलात की आटे जातात आणि मग चेंबरच बदलावा लागतो. पुस्तिकेतला टॉर्क (आवळायचा जोर) पाळा, छोट्या गाड्यांच्या या बोल्टाला तो बहुधा 30 ते 40 न्यूटन मीटर असतो.

जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून तपासा. दोन रबरं एकावर एक बसली, तर दाबाने ऑइल फवाऱ्यासारखं बाहेर येतं. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, फिल्टर टेकेपर्यंत हाताने फिरवा आणि पुढे पाऊण फेरा.

तुमच्या वर्गातल्या इंजिनाला तीन लिटरच्या आसपास लागतं. आधी अडीच ओता, डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा, मग थोडं थोडं. चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा, नाही विझला तर लगेच बंद. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा डिपस्टिक. वरच्या खुणेपलीकडे भरलंत तर क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) ते घुसळून फेस करतो, आणि फेसाने वंगण होत नाही. ग्रेड पुस्तिकेतलाच. दुकानदार ‘आपल्याकडे गरम, घट्ट ऑइल घाला’ म्हणेल, ऐकू नका.

6,000 च किलोमीटर होतात म्हणून दोन वर्षं ताणायचा मोह होईल. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, पाण्याचा अंश ऑइलमध्ये राहतो आणि झाकणाखाली पिवळट साय धरते. तुमच्यासाठी बारा महिन्यांचीच मुदत खरी. काम पाऊस सरल्यावर काढा. गणपतीच्या आधी गॅरेजात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते.

जळकं ऑइल वाशांना वाळवीसाठी फासायची आपल्याकडे सवय आहे. ती सोडा, त्यात कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात. मातीत ओतलंत तर सच्छिद्र जांभ्यातून ते विहिरीपर्यंत जाऊ शकतं. नियमाने तो घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून, अधिकृत गोळा करणाऱ्याला ऑइल देणाऱ्या गॅरेजात नेऊन द्या.

गावात ऑइल बदलायचे 2,090 आणि ब्रेक-तपासणीला वेगळे 600 धरले, तरी 5,640 तले जवळपास 2,950 हातात राहतात. ते एसआयपीत टाकण्याआधी टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2318 असेल तर टायर 2018 च्या 23 व्या आठवड्यातला आहे, आणि हे पैसे आधी तिकडेच जायला हवेत.